भाऊंच्या वाढदिवसाचं थकीत बिल

अमरावती

प्रति,
मा. भाऊ,
युवा हृदयसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी,
२०१७ चे भावी नगरसेवक, जानेवारी २०२६ चेही भावी नगरसेवक,
यांसी सप्रेम नमस्कार.

वरच्या पदव्या मला पाठ आहेत, कारण त्या आमच्याच दुकानात टाइप होतात. 'विकासपुरुष'च्या आधी 'लाडके' पाहिजे होतं, हे तुमच्या माणसाला दहा बाय वीसचा फ्लेक्स छापून, रिंगा मारून, गुंडाळून झाल्यावर आठवलं. दुसरा छापून दिला. पैसे दोन्हींचे यायचे आहेत.

पत्र खुलं लिहितोय, त्याला कारण आहे. बंद पाकीट तुमच्या बंगल्यावर पोचतं, पण उघडलं जात नाही. फोन केला तर तुम्ही मीटिंगमध्ये असता. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात, त्यापुढे काही येत नाही. आणि परवा तुमचा पोरगा निरोप घेऊन आला, "भाऊचा बड्डे जवळ येऊन राह्यला. यंदा राजकमल चौकापासून पंचवटीपर्यंत एक खांब खाली राह्यला नाही पायजे." म्हटलं, खांब मोजायच्या आधी जरा हिशोब मोजून घेऊ.

तुमची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. इतक्या वर्षांत पैसे देत नाही, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. तुम्ही खांद्यावर हात ठेवता आणि म्हणता, "देतो ना बावा, पैसे कुठी पळून राह्यले काय?" खरं आहे, पळत नाहीत. जागचे हलतच नाहीत, तर पळतील कुठून?

तुमचं देण्याचं पंचांगही वेगळंच. आधी म्हणालात, सोयाबीन निघालं की देतो. मग कापूस विकला की. मग टेंडरचं बिल निघालं की. मग निवडणूक झाली की. भाऊ, 'सोयाबीन निघालं की देतो' हे वाक्य वऱ्हाडात शेतकऱ्याच्या तोंडी शोभतं. त्याचा माल बाजार समितीत जातो, तो हिशोबपट्टी घेऊन निघतो आणि घरी जायच्या आधी कृषी केंद्रवाल्याची उधारी देऊन टाकतो. वर्ष खराब गेलं तर निदान तोंड चुकवतो, त्याला लाज वाटते. तुमच्या सातबाऱ्यावर सोयाबीन कुठे पेरलंय, ते मला दिसलं नाही. मला दिसतात ते एनए प्लॉट. सोयाबीनशी तुमचा संबंध एवढाच की बाजार समितीत पाऊस आला तेव्हा एका ढिगावर तुमचा जुना फ्लेक्स टाकलेला होता. पोत्यांवर तुम्ही हात जोडून हसत होता. त्या फ्लेक्सचा शेतकऱ्याला उपयोग झाला, तुम्हाला झाला, व्यापाऱ्यालाही झाला. बिल तेवढं माझ्याकडे राहिलं.

आता जून २०२२ आठवा. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधला होता, २५ किलोमीटरचा, त्याला दहा दिवस लागले होते. आपल्या भागासाठी अभिमानाचीच गोष्ट. तुम्ही लगेच अभिनंदनाचा फ्लेक्स लावलात, रोड रोलरपेक्षा मोठा स्वतःचा फोटो टाकून, जणू डांबराची बादली तुमच्याच हातात होती. रस्ता पाच दिवसांच्या आत झाला. त्या फ्लेक्सचं बिल अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.

तुमच्या कोणा वकील मित्राने तुम्हाला सांगितलं असेल की उधारीच्या दाव्याला मुदत कायद्याने तीन वर्षं असतात, म्हणजे ते बिल २०२५ च्या जूनमध्येच मेलं. मित्राने अर्धं सांगितलं. २०२४ च्या दिवाळीत तुम्ही दुकानात आलात, मी वही पुढे केली, आणि चार माणसांसमोर तुम्ही ऐटीत म्हणालात, "पायजे तर सही घे." घेतली. एकूण बाकीच्या आकड्याखाली, तारखेसकट. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १८ म्हणतं की मुदत संपायच्या आधी देणेकऱ्याने लेखी कबुली देऊन सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजायची. म्हणजे २०२७ च्या दिवाळीपर्यंत आपलं नातं कायद्याने जिवंत आहे. हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्या दुकानदारांनीही दरवर्षी दिवाळीला उधारीच्या पानावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. लक्ष्मीपूजनाला वही पुजतोच, सही घेतली तर लक्ष्मीही परत यायचा संभव वाढतो.

विधानसभेची २० नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक तर तुम्ही साहेबांसाठी जिवाचं रान करून लढलात. रान तुमचं, कागद माझा. प्रचाराच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे सक्तीचं आहे. तसं ते छापलं. पैसे मागायला गेलो, तर तुमचा माणूस म्हणतो, "तुही फुकटात ॲडव्हर्टाइज झाली ना बे गावभर, अजून काय पायजे?"

आणि गाडगेबाबा! बाबांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव, २३ फेब्रुवारी १८७६. त्याला यंदा १५० वर्षं झाली. बाबा कीर्तनात गावोगाव ओरडून सांगत होते, कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका. तुम्ही बाबांच्या जयंतीचा फ्लेक्स उधारीवर नेलात. त्यात बाबांचा फोटो कोपऱ्यात होता. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्याचं अंगण झाडलं. तुम्ही माझा गल्ला झाडलात, तेही झाडू न उचलता.

पैशाचं इतकं बोललो, आता वेळेकडे येतो. मागच्या वाढदिवसाची रात्र. शटर अर्धं खाली ओढलं होतं. चार मोटरसायकली थांबल्या, तुमची पोरं पेनड्राइव्ह घेऊन आत आली. "अर्जंट आहे, सकाळी साहेब येऊन राह्यले." चौतीस शुभेच्छुकांचे फोटो, सगळे व्हॉट्सॲपवर फिरून फिरून धुरकट झालेले. एकाने स्वतःच्या लग्नातला फोटो दिला होता. आमचा डिझायनर पोरगा बसून त्याच्या मुंडावळ्या खोडत होता. मुंडावळ्या निघाल्या, पण खांद्यावर बायकोचा हात होता, तो काही निघेना. शेवटी तो तसाच छापला. आजही त्या शुभेच्छुकाच्या खांद्यावर पाच बोटं कुठून आली, ते गावाला कळलेलं नाही. मग भांडण सुरू झालं रांगेवरून. "हा याच्या खाली कायले घेतला? हा तर कालपरवा पक्षात आला." फोटो वर गेला, खाली आला, परत वर गेला. पोरांनी चहा मागवला, खर्रा घोटला, सोफ्यावर आडवी झाली. मशीन उभं, डिझायनर जागा, आणि मी मालक असल्यामुळे फुकट जागा.

त्या रात्रीचा खरा खर्च तुम्हाला कोणी सांगितला नसेल. मशीनवर दहा फुटी रोल चढवलेला होता. तुमचा चार बाय सहा आडवा लावला तरी चार फुटांची पट्टी कोरी राहते. सकाळपर्यंत थांबलात, तर त्या पट्टीवर कोणाच्या किराणा दुकानाचा बोर्ड, कोणाच्या क्लासेसची जाहिरात बसवता येते. आमच्या धंद्यात कमाई अशा पट्ट्या भरण्यातच असते. चार ऑर्डरी जमवून, रुंदी जुळवून, एका दमात छापायच्या. अर्जंटवाला एक माणूस आला की ती घडी मोडते. वाया गेलेला मीडिया, म्हणजे फ्लेक्सचं कापड, केराच्या टोपलीत निदान दिसतो. वाया गेलेली झोप दुसऱ्या दिवशी दिसते, दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या कामात.

तुम्हाला वाटत असेल, एवढ्याशा बिलाने याचं काय बुडतं? समजा, शंभर रुपयांच्या कामात मीडिया, शाई, वीज, भाडं, पोरांचे पगार जाऊन माझ्या हातात पंधरा रुपये उरतात. तुमचे तीस हजार अडकले, तर तो खड्डा भरायला मला दोन लाखांचं नवं काम करावं लागतं. त्या दोन लाखांच्या कामासाठी मीडियाचा रोल रोखीने आणतो, कारण नागपूरचा व्यापारी माझ्या खांद्यावर हात ठेवू देत नाही. म्हणजे माझी पत वापरून मी तुम्हाला बिनव्याजी कर्ज देतोय. बँकवाले माझ्याकडून तारण मागतात. तुमच्याकडून मी फक्त पेनड्राइव्ह घेतो.

त्यातून जीएसटी. तुमच्या कन्स्ट्रक्शन कंपनीच्या साइटचे बोर्ड केले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बिल पक्कंच दे, क्रेडिट घ्यायचं आहे." दिलं. पक्कं बिल फाडलं की त्यातला कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मला भरावा लागतो. भाऊने दिले का, असं सरकार विचारत नाही. मी तुमच्या वतीने कर भरला, तुम्ही त्याचं क्रेडिट घेऊन स्वतःचा कर कमी केलात, आणि मूळ रक्कम माझ्याकडेच थकीत. एक सांगून ठेवतो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं. तुमच्या सीएला विचारा. तो तुमचा फोन उचलत असेल तर. त्याचेही बाकी असतील, म्हणून शंका.

आणखी एक बातमी. उद्यम पोर्टलवर माझी नोंदणी आहे. आधार नंबर टाकून घरबसल्या होते, फी शून्य. जे एजंट तिचे हजार-दोन हजार घेतात ते आपल्याच अज्ञानावर जगतात. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं असतं. माल नेल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही, तर माल पसंत पडला असं धरलं जातं. म्हणजे 'रंग फिका आला' हे तुम्हाला आठ महिन्यांनी सुचलेलं वाक्य तिथे चालत नाही. उशीर झाला की व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने ४३ बी (एच) ही तरतूद आणली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तुमच्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच दाखवता येतो. तक्रारीची ऑनलाइन सोय आहे. बाजारपेठेतल्या नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना या विलंबाच्या तरतुदीचा लाभ नाही, त्यांना उद्यम नोंदणीने बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच फायदा मिळतो. पण मी छापतो, भाऊ. मी बसतो त्यात.

तुमच्या शिफारशीवरून अकोल्याच्या एका 'आपल्या माणसा'लाही मी उधार दिलं होतं. त्याने तुमचं नाव राखलं, पैसे दिले नाहीत. पण त्या निमित्ताने अकोल्याला चकरा झाल्या आणि माझ्या मावसभावाच्या छापखान्यात बसणं झालं. तो लग्नपत्रिका, बिलबुकं छापतो. त्याच्या भिंतीवर एकही सुविचार नाही, एक कागद चिकटवलेला आहे. दर शनिवारी संध्याकाळी तो थकबाकीची यादी तीन रकान्यांत लिहितो, तीस दिवसांच्या आतली, साठच्या आतली आणि नव्वदच्या वरची. पहिल्याला आठवण, दुसऱ्याला फोन, तिसऱ्याला नवीन काम बंद. नाव कोणाचंही असो, सासऱ्याचंही. त्याच्या गल्ल्यासमोर एकही खुर्ची नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "खुर्ची ठेवली का माणूस बसते, बसला का चहा लागते, चहा झाला का उधारी मागते." धंद्याचं असं मोफत शिबिर मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं. अमरावतीत हल्ली हॉटेलच्या हॉलमध्ये यशाची शिबिरं होतात, पहाटे पाचला उठा म्हणून सांगतात. त्यांचेही बॅनर आम्हीच छापतो. पहाटे पाचला उठून मी काय करू? तुम्ही पाचपर्यंत झोपू दिलं पाहिजे ना आधी.

तेव्हा आमच्या दुकानाचा कारभार आता असा बदलला आहे. सकाळी शटर उघडलं की आधी मशीनचं हेड साफ, नोझल तपासणं, मग दोन तास फक्त डिझाइन. त्या वेळात फोन डिझायनरच्या हातात नसतो, माझ्याही नसतो. प्रूफ दुपारी चार ते पाच जातात. छपाई रुंदी जुळवून संध्याकाळी एकत्र. जीएसटीचा पैसा आला त्याच दिवशी वेगळ्या खात्यात, म्हणजे तो आपला आहे असा भास होत नाही. आणि महिन्याच्या सुरुवातीला मालकाचा पगार, ठरलेला, गल्ल्यातून हवं तेव्हा उचलणं बंद. सोफा विकला.

वाढदिवसाची ऑर्डर घ्यायला मला आनंदच आहे. अटी अशा :

१. जुनी बाकी पूर्ण, मग नवीन फाइल उघडेल. चेक चालेल. वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस निघते, पुढे पंधरा दिवस तुमचे, त्यानंतर कलम १३८.

२. नव्या कामाचे निम्मे पैसे आधी, उरलेले माल उचलताना. मोटरसायकलवर गुंडाळी बांधायच्या आधी.

३. प्रूफ एकाच माणसाने पाहायचं आणि 'ओके' लिहून पाठवायचं. नंतर आठवलेल्या प्रत्येक पदवीचे पैसे वेगळे. 'लाडके' लावायचं तर आत्ताच लावा.

४. रात्री नऊनंतरचं काम दीडपट दराने. साहेब सकाळी येणार, हे साहेबांना आधीच्या आठवड्यात ठाऊक असतं.

५. महापालिकेची परवानगी दाखवल्याशिवाय खांबावरचा फ्लेक्स छापणार नाही. बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने किती वेळा कान उपटले, ते तुम्ही वाचलं नसेल, कारण ते फ्लेक्सवर येत नाही.

या अटी तुमच्यासाठी खास नाहीत. किराणावाल्यालाही याच आहेत, क्लासेसवाल्यालाही. दोघांनी मुकाट्याने मान्य केल्या. एकाने तर विचारलं, "हे आधीच काहून नाही केलं?" सोडून जातील अशी भीती ज्यांची होती, त्यातलं एकही चांगलं गिऱ्हाईक गेलं नाही. जे गेले, त्यांची नावं तुमच्या शुभेच्छुकांच्या यादीत सापडतील.

कळावे, लोभ असावा, बाकी नसावी.

आपला,
एक फ्लेक्सवाला

ता. क. : मागच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो यावा म्हणून तुमच्या माणसाने प्रत्येक शुभेच्छुकाकडून वर्गणी घेतली होती, असं त्यांच्यापैकीच दोघांनी परवा दुकानात सांगितलं. चौतीस जण होते. सगळ्यांनी रोख दिली म्हणे. आगाऊ.